अपकृत्य म्हणजे काय? नुकसानभरपाई मागताना कामी येणारे शब्द

घरातला कमावता माणूस रस्त्यावर ट्रकखाली जातो. दफन होते, जियारत होते, लोक येऊन सब्रचा सल्ला देऊन जातात. पोलिसांत एफआयआर झालेली असते आणि घरच्यांना वाटते, आता जे काय व्हायचे ते कोर्टात आपोआप होईल. वर्षभराने कोणीतरी विचारतो, "क्लेम टाकला का?" तेव्हा कळते की ड्रायव्हरवरचा खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. शाळेत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला येणाऱ्या मातांकडून आम्ही ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की त्यामागचे शब्द एकदा सोपे करून मांडावेत असे वाटले. वकिलाची जागा हा लेख घेणार नाही. वकिलाकडे गेल्यावर काय विचारायचे, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

शब्द कुठला, अर्थ काय

इंग्रजीत या कायद्याला 'टॉर्ट' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाकडे, पिळवटलेले. मराठी कायद्याच्या पुस्तकांत त्याला 'अपकृत्य' म्हणतात. करार मोडला तर करारात लिहिलेले हक्क मागता येतात. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी आपला कसला करार? तरीही त्याने आपल्याला इजा करू नये, आपली अब्रू घालवू नये, आपल्या घरात घुसू नये, हे कर्तव्य त्याच्यावर असतेच. ते मोडून त्याने नुकसान केले तर दिवाणी न्यायालयात पैशाच्या रूपाने भरपाई मागता येते. हेच अपकृत्य.

गंमत अशी की 'अपकृत्य' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण आजूबाजूचे बाकी सगळे शब्द घरचेच आहेत. कायदा, वकील, दावा, मुदत, नुकसान, इजा, अब्रू, दिवाणी, फौजदारी हे सारे अरबी-फारसीतून मराठीत येऊन मुरलेले आहेत.

दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक आधी पक्का करून घ्यावा. फौजदारी खटला सरकार चालवते आणि त्याचा शेवट शिक्षेत किंवा सुटकेत होतो. दिवाणी दावा नुकसान झालेल्याने स्वतः लावायचा असतो आणि त्यातून भरपाई मिळते. एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात. पुराव्याचे मापही वेगळे असते. शिक्षेसाठी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर भरपाईसाठी 'असे घडले असण्याची शक्यता जास्त' एवढे दाखवले तरी चालते. म्हणून ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी भरपाई मिळू शकते.

"अल्लाहची मर्जी होती, पैसे कशाला मागायचे?" असे म्हणणारे बुजुर्ग आपल्यात असतात. त्यांचा आदर ठेवूनच सांगावेसे वाटते की चुकून झालेल्या हत्येबद्दल वारसांना दियत देण्याचा हुकूम सूरह निसाच्या 92 व्या आयतीत आहे. माफ करायचे की नाही हे तिथे वारसांवर सोडलेले आहे, नातेवाइकांवर किंवा मोहल्ल्यावर नाही. फिकहमध्ये 'जमान' म्हणजे नुकसान भरून देण्याची जबाबदारी, हा स्वतंत्र विषयच आहे. सब्र आणि हक्क मागणे यांत भांडण नाही.

नुकसान झाले म्हणजे दावा झाला, असे नाही

आम्ही शिक्षक असल्याने 1410 सालचा इंग्लंडमधला ग्लूस्टरचा खटला आम्हाला विशेष आवडतो. तिथे जुन्या शाळेसमोर दुसऱ्या एका मास्तराने नवी शाळा काढली. मुले तिकडे गेली आणि जुन्या शाळेला फी कमी करावी लागली. जुन्या मास्तरांनी दावा लावला आणि ते हरले. नुकसान खरे होते, पण त्यांचा कोणताही कायदेशीर हक्क मोडला गेला नव्हता. समोर दुसरे दुकान उघडले म्हणून आपला गल्ला घटला, तर तेही असेच.

याच्या उलट गोष्ट 1703 ची. ॲशबी नावाच्या मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. त्याला ज्यांना निवडून द्यायचे होते ते तर निवडून आलेच. म्हणजे नुकसान काहीच नाही. तरीही त्याचा हक्क मोडला म्हणून त्याला भरपाई मिळाली. तेव्हा न्यायालयात पहिला प्रश्न 'किती नुकसान झाले' हा नसतो. 'कोणता हक्क मोडला' हा असतो.

हयगय

या कायद्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द हयगय, म्हणजे निष्काळजीपणा. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्यावर आपली काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले. तिसऱ्या पायरीवर बरेच दावे अडकतात.

कर्तव्य कोणाबद्दल असते, याचे उत्तर एका गोगलगायीमुळे मिळाले. 1928 मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात एका बाईने जिंजर बिअर पिताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार केली. पैसे तिच्या मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे तिचा दुकानदाराशी करार नव्हता, आणि कारखानदाराशी तर नव्हताच. 1932 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की आपल्या कृतीचा ज्यांच्यावर परिणाम होईल हे सहज कळण्यासारखे आहे, अशा सर्वांबद्दल काळजीचे कर्तव्य असते. भारतात अपकृत्याचा एकसंध लिखित कायदा नाही, म्हणून असे जुने निकाल आपल्याकडेही आधाराला घेतले जातात.

आपल्या मातीतले उदाहरण औरंगाबादचे आहे. 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहून गेला. ती वारली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते परत मिळवून दिले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला, हे नवऱ्याने कसे सिद्ध करावे? न्यायालयाचे म्हणणे असे की अशा वेळी घडलेली गोष्टच बोलते. पोटात टॉवेल हयगयीशिवाय राहूच शकत नाही, तेव्हा खुलासा रुग्णालयाने द्यायचा. एकूण 33 वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

आज पैसे घेऊन उपचार करणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र उपचाराला गुण आला नाही म्हणजे हयगय झाली, असे नसते.

रस्त्यावरचा अपघात

इथे थोडे थांबून लिहितो, कारण सर्वाधिक कुटुंबांना गरज याचीच पडते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे लावायचा असतो. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 166 त्यासाठी आहे. अपघात नागपूरजवळ झाला आणि घर मालेगावात असेल, तरी आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज व्हायला हवा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघाताचा अहवालही अर्ज म्हणून धरता येतो, पण त्या भरवशावर बसू नये. सहा महिन्यांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून उशीर झाला असला तरी घरी बसण्यापेक्षा वकिलाला जरूर विचारावे.

आता हिशोब करा. बेवेची इद्दत चार महिने दहा दिवस, आणि ती गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. "इद्दत होऊ दे, मग बघू" असे घरातले म्हणतात आणि सहा महिन्यांपैकी उरतात जेमतेम पन्नास-पंचावन्न दिवस. त्यात कागद जमवायचे, वकील शोधायचा. खरे तर थांबायचे कारणच नाही. वकीलपत्रावर सही घरी बसून होते. कोणताही एक वारस सर्वांच्या वतीने अर्ज करू शकतो आणि साक्ष द्यायची वेळ बरीच नंतर येते. कधी बाहेर पडणे भागच असेल तर मुफ्ती साहेबांना मसला विचारता येतो, पण अर्ज दाखल करण्यासाठी सहसा तशी गरजच पडत नाही.

रक्कम कशी ठरते? सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत पद्धत घालून दिली आहे. समजा, 34 वर्षांचा यंत्रमाग कामगार महिना 15,000 कमावत होता. मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाची कमाई 1,80,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसासाठी 40 टक्के जोडतात, म्हणजे 2,52,000. तो स्वतःवर काही खर्च करत असणार, म्हणून चार अवलंबितांच्या घरात एक चतुर्थांश वजा होतो आणि 1,89,000 उरतात. या वयाला गुणक 16 आहे. गुणाकार 30,24,000 रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या. मर्हूमची स्वतःचीही हयगय होती असे ठरले, तर तेवढा भाग कापला जातो.

या हिशोबात भांडण होते ते 15,000 वर. आठवड्याला रोख पगार घेणाऱ्याकडे पावती कुठली? म्हणून बँकेचे पासबुक, मालकाची साक्ष, मजुरीची वही, काही ना काही हवे. काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आधाराने आकडा धरला जाण्याची शक्यता असते आणि भरपाई निम्म्यावर येऊ शकते. गृहिणी अपघातात गेली तर "ती कमवत नव्हती" म्हणून दावा सोडू नये. घरकामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या लता वाधवा प्रकरणात मानले आणि 2021 मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले.

गाडी धडक मारून पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची सरकारी योजना आहे. हे पैसे आपोआप येत नाहीत, त्यासाठीही अर्ज करावा लागतो.

आणखी दोन प्रश्न घराघरांत निघतात. पहिला, ही रक्कम तरका आहे का? कायद्याच्या नजरेत अवलंबितांना मिळणारी भरपाई ही मर्हूमने मागे ठेवलेली मालमत्ता नाही. जगणारांचा आधार गेला, त्याची ती भरपाई आहे. कोणाला किती हे न्यायाधिकरण कोण किती अवलंबून होते ते पाहून निकालातच लिहिते, आणि लहान मुलांचा हिस्सा बहुधा बँकेत मुदत ठेवीत टाकते. म्हणून सासरच्यांनी सगळी रक्कम आधी आपल्या हातात मागणे बरोबर नाही. बेवेने दुसरा निकाह केला म्हणून तिचा हक्क संपतो, हेही खरे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये विमा कंपनीचा हा युक्तिवाद फेटाळला आहे.

दुसरा, विमा कंपनीचे पैसे घ्यावेत का? शरीयतचे उत्तर आलिमांनीच द्यावे. फक्त विचारताना वस्तुस्थिती नीट सांगावी. ही आपण काढलेल्या पॉलिसीची रक्कम नसते. ज्याने नुकसान केले, त्याच्या वतीने त्याची विमा कंपनी ही भरपाई भरते.

पैसे कोणी द्यायचे

ड्रायव्हरकडे पैसे नसतात. म्हणून 'मालकाची जबाबदारी' हे तत्त्व आले. नोकराने मालकाच्या कामात केलेल्या अपकृत्याला मालकही जबाबदार असतो. नोकर सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कामाला गेला असेल तर गोष्ट बदलते.

कधी हयगय सिद्ध करण्याचीही गरज नसते. 1868 च्या रायलँड्स खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले की जमिनीवर धोकादायक वस्तू साठवली आणि ती सुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर साठवणारा जबाबदार, काही अपवाद सोडून. भारताने ते अपवादही काढून टाकले. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये काझी कॅम्पसारख्या गरीब वस्त्यांत वायू शिरला. पुढच्याच वर्षी 4 डिसेंबरला दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात डिसेंबर 1986 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, कोणताही बहाणा चालणार नाही. तत्त्व मोठे होते, पण भोपाळच्या लोकांना त्याचा फायदा फारसा झाला नाही. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली.

'अपप्रवेश' म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणे. 'उपद्रव' म्हणजे आवाज, धूर, सांडपाणी यांनी शेजाऱ्याचे जगणे अवघड करणे. यांत बहुतेकदा पैशापेक्षा मनाई हुकूम जास्त कामाचा असतो.

अब्रूनुकसानी

आपण लहानपणापासून गीबत आणि बोहतान यांतला फरक शिकतो. गीबत म्हणजे पाठीमागे सांगितलेली खरी पण न आवडणारी गोष्ट, आणि बोहतान म्हणजे रचलेली. दिवाणी कायद्याला फक्त बोहतान दिसते. बोललेले खरे ठरले तर दावा पडतो. खोटे असेल, तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचले असेल आणि त्याने आपली किंमत लोकांच्या नजरेत घटली असेल, तर दावा उभा राहतो. व्हॉट्सॲपच्या बिरादरी ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल आलेला मजकूर पुढे पाठवणाराही 'मी कुठे लिहिले?' म्हणून सुटत नाही, कारण पुढे पाठवणे हेसुद्धा प्रसिद्ध करणेच. हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हाही आहे. मुदत एकच वर्ष. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावा, मेसेज डिलीट व्हायला वेळ लागत नाही.

खोटी अटक, खोटा खटला

बेकायदा कोंडून ठेवणे हे अपकृत्य आहे, आणि दुष्ट हेतूने खटला भरणे हेही. दुसऱ्यात चार गोष्टी लागतात. समोरच्याने खटला चालवला, तो आपल्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हते आणि हेतू वाईट होता. निर्दोष सुटलो एवढ्यावर भरपाई मिळत नाही, हे मन घट्ट करून समजून घ्यावे लागते.

8 सप्टेंबर 2006 ला, जुम्मा आणि शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. पकडले गेले ते मुस्लिम तरुणच. बहुतेक जण सुमारे पाच वर्षांनी जामिनावर बाहेर आले आणि 25 एप्रिल 2016 ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. गेलेली वर्षे कोण भरून देणार? कायद्याचे उत्तर एकसारखे नाही. बिहारच्या रुदुल साहला निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षे तुरुंगात ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये थेट घटनेच्या आधारे त्याला भरपाई दिली, आणि तिथून नवा रस्ता उघडला. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 2018 मध्ये 50 लाख मिळाले. पण अक्षरधाम प्रकरणात 2014 मध्ये निर्दोष ठरलेल्यांची भरपाईची मागणी 2016 मध्ये त्याच न्यायालयाने ऐकून घ्यायला नकार दिला. हा फरक आम्हाला पटत नाही, आणि कोणाला पटवूनही देता येत नाही.

सरकारवर दावा लावताना एक जुनी भिंत आडवी येते. सप्टेंबर 1947 मध्ये मेरठ पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले आणि हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये म्हटले की अटक-जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम, त्यात सरकार जबाबदार नाही. उदयपूरला सरकारी जीपने माणूस चिरडला तेव्हा मात्र 1962 मध्ये सरकारला भरपाई द्यावी लागली होती. मूलभूत हक्क मोडला असेल तर ही भिंत आता आडवी येत नाही. 1993 च्या नीलाबती बेहरा प्रकरणात पोलिस कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख मिळाले, ते याच वाटेने.

मुदत आणि मदत

अब्रूनुकसानी, बेकायदा कोंडणे आणि दुष्ट हेतूचा खटला यांना एक वर्ष. खटल्याच्या बाबतीत ते निर्दोष सुटल्यापासून मोजतात. जागेतल्या अपप्रवेशाला तीन वर्षे. वाहनाव्यतिरिक्त इतर अपघाती मृत्यूत, जसे भिंत कोसळून, 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दोन वर्षे. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून एक वर्षाची मुदत असेल तिथे शेवटच्या महिन्यात वकिलाकडे जाऊ नये.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर चौकशीसाठी क्रमांक 15100. जाताना एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि कमाईचा जो असेल तो कागद सोबत न्यावा, आणि प्रत्येकाची झेरॉक्स घरीही ठेवावी.